‘पंजांनी मळणे’ : मांजराच्या सवयीसाठी मराठी क्रियापद

मांजर मऊ अंथरुणावर किंवा माणसाच्या मांडीवर पुढचे पंजे आळीपाळीने दाबत राहते, त्या क्रियेला ‘मळणे’ म्हणावे की तो इंग्रजी ‘नीडिंग’ची (शब्दशः कणीक मळणे) छाया असलेला प्रयोग ठरेल, अशी विचारणा आहे. माझ्या मते ‘मळणे’ योग्य आहे आणि तो उसना मुळीच नाही.

‘मळणे’ म्हटले की पिठात फिरणारे हात डोळ्यांपुढे येतात; परंतु ‘मळणी’ हा शब्दही त्याच क्रियापदाचा असून तिच्यात कणसे तुडवणारे पाय आहेत. संस्कृतातील ‘मृद्’ या धातूच्या जागी प्राकृतात ‘मल’ येतो, त्याचेच हे मराठी रूप. हाताने दाबणे आणि पायाने तुडवणे या दोन्ही क्रिया ज्यात सामावतात, ते क्रियापद मांजराच्या पुढच्या पायांना फार शोभते, कारण ते पाय अर्धे हातांसारखेच वापरले जातात.

अडचण एकच आहे. ‘मांजराने चादर मळली’ असे लिहिले, तर ती अस्वच्छ झाली असेच बहुतेक वाचक समजतील. म्हणून ‘पंजांनी’ हा शब्द वगळू नये. ‘चेपणे’ही चालेल, किंबहुना त्यातला हळुवारपणा मला प्रिय आहे, मात्र ‘पाय चेपणे’च्या वळणावर ‘मांजर पंजे चेपते’ असे लिहिल्यास दाबले जाणारे पंजेच ठरतात आणि अर्थ उलटतो. ‘तुडवणे’ यात नासाडीचा भाव आहे, तो येथे नको.

या सवयीचे मूळ दूध पिण्यात आहे. नवजात पिल्लू आईच्या स्तनाग्राभोवती पंजे दाबते. लुचण्याच्या आणि दाबण्याच्या स्पर्शाने आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते व पान्हा फुटतो. मोठेपणी दुधाची गरज सरते, पण हालचाल उरते. म्हणून सुखावलेले मांजर घुरघुरत मळते, आणि काही मांजरे त्याच वेळी कापडही चोखतात. पंजांत गंधग्रंथी असल्याने त्या जागी मांजराचा स्वतःचा वासही लागतो. नख्या बाहेर येतात, त्या रागाने नव्हे.

वासरू कासेला ‘ढुशी’ देते तेही पान्ह्यासाठीच, परंतु ढुशी डोक्याची असते. आणि ‘लुचणे’ हे तोंडाचे काम. त्यामुळे पिल्लाविषयी ‘लुचताना पंजांनी मळते’ असे दोन्ही क्रिया सांगणारे वाक्य लिहावे.