युरोपीय कायदा आणि राष्ट्रीय राज्यघटना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: युरोपीय संघाचा कायदा सदस्य देशांच्या कायद्याहून वरचढ असतो, हे करारात कुठे लिहिले आहे?

उत्तर: करारांच्या कलमांत ते कुठेही नाही. मिलानचे वकील फ्लामिनिओ कोस्टा यांनी वीज उद्योगाच्या राष्ट्रीयीकरणाच्या निषेधार्थ 1,925 लिरांचे बिल भरण्यास नकार दिला. त्या वादातून 1964 मध्ये लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने (पुढे नुसते ‘लक्झेंबर्ग’) हे तत्त्व मांडले. ते संघाच्या प्रस्तावित राज्यघटनात्मक कराराच्या मसुद्यात घालण्यात आले होते. पण 2005 मध्ये फ्रान्स व नेदरलँड्सच्या मतदारांनी तो करार फेटाळला आणि आता त्याऐवजी आलेल्या लिस्बन करारासोबतच्या एका घोषणेतच या तत्त्वाचा उल्लेख उरला आहे.

प्रश्न: मग राज्यघटनाही दुय्यम ठरते का?

उत्तर: लक्झेंबर्गच्या मते 1970 पासून होय. जर्मनीचे घटना न्यायालय मात्र म्हणते की, संघाला अधिकार राज्यघटनेनेच सोपवले असल्याने सोपवणुकीची मर्यादाही तीच ठरवते. मूलभूत हक्कांचे पुरेसे संरक्षण संघपातळीवर नाही तोपर्यंत आपण संघाच्या कायद्याची तपासणी करू, असे त्याने 1974 मध्ये बजावले. तसे संरक्षण आहे तोपर्यंत करणार नाही, असे 1986 मध्ये सांगितले. मला ही भूमिका न्याय्य वाटते, कारण याच दबावामुळे लक्झेंबर्गने हक्कांचा विचार अधिक गांभीर्याने केला.

प्रश्न: जर्मनीचा 2020 चा आणि पोलंडचा 2021 चा निकाल सारखेच नाहीत का?

उत्तर: नाहीत. जर्मन न्यायालयाचा आक्षेप युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या एका रोखे खरेदी कार्यक्रमापुरता आणि त्याला मान्यता देणाऱ्या लक्झेंबर्गच्या निकालापुरता होता. पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने खुद्द संघाच्या करारातील तरतुदींचा अर्थ घटनाबाह्य ठरवला, तोही न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचा वाद पेटलेला असताना. न्यायालयांच्या स्वातंत्र्यावर घाला घालण्यासाठी राज्यघटनेची ढाल पुढे करणे, हा राज्यघटनेवरच अन्याय आहे.

प्रश्न: शेवटचा शब्द कोणाचा?

उत्तर: त्यावर एकमत नाही, तरीही वाद मिटवता येतो. मूल्यवर्धित कराच्या गंभीर फसवणुकीत खटल्याची कालमर्यादा आड येत असेल, तर इटलीच्या न्यायाधीशांनी ती बाजूला ठेवावी, असे लक्झेंबर्गने 2015 मध्ये ठरवले. त्यामुळे आरोपीवर पूर्वलक्षी प्रभावाने कठोर नियम लादला जाईल, ही इटलीच्या राज्यघटनेची अडचण होती. तेथील घटना न्यायालयाने थेट बंड न करता 2017 मध्ये लक्झेंबर्गकडेच पुन्हा विचारणा केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लक्झेंबर्गने पूर्वलक्षी कठोर नियम न लादण्याच्या तत्त्वाचा भंग होत असल्यास कालमर्यादा कायम ठेवण्याची मुभा दिली.