भास थांबले, गोळ्या नियमित आहेत, तरी भावाला माणसं का कळत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की भावाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या चुकत नाहीत, आवाज ऐकू येणंही थांबलंय. तरी समोरचा चिडलाय हे त्याच्या लक्षात येत नाही, नोकरी टिकत नाही आणि घरी सगळे 'आता बरा आहेस, मग आळस कसला?' म्हणतात. गोळी वाढवावी का, हा तुमचा प्रश्न.

मी मनोरुग्णांच्या पुनर्वसनात काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे डोसचा निर्णय त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांचाच. पण तुम्ही सांगताय त्या अडचणी डोस वाढवून सहसा सुटत नाहीत. आणि याला आळस म्हणणं त्याच्यावर फार अन्याय करणारं आहे.

स्किझोफ्रेनियाची बहुतेक औषधं मेंदूतल्या डोपामिनचा परिणाम कमी करतात. त्याने भास आणि संशय आटोक्यात येतात. चेहऱ्यावरचे भाव ओळखणं, आवाजातला सूर पकडणं, न बोललेलं समजून घेणं, याला सामाजिक आकलन म्हणतात, आणि त्यावर या औषधांचा फारसा परिणाम होत नाही. ही उणीव अनेकांमध्ये आजाराच्या पहिल्या झटक्यातच दिसते आणि लक्षणं ओसरल्यावरही मागे राहते. रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांमध्येही ती सौम्य प्रमाणात आढळते. सगळ्यांमध्ये ती सारखी नसते, काहींमध्ये जवळजवळ नसतेच.

नोकरीचं उदाहरण घेऊ. साहेब म्हणाले, "हे आज झालं असतं तर बरं झालं असतं." तुम्ही-मी थांबून काम संपवू. तुमच्या भावाला त्यात फक्त एक मत ऐकू येतं. तो वेळ झाली म्हणून निघतो. दुसऱ्या दिवशी साहेबांचा सूर बदललेला असतो आणि त्याचं कारण त्याला सापडत नाही. मग मन स्वतःच कारण जोडतं: 'हे माझ्यावर टपलेत.' असं आडून बोललेलं कळतं का, हे तपासणारी एक चाचणी संशोधकांनी 1995 साली मांडली होती. त्यात छोटे प्रसंग वाचून दाखवतात आणि बोलणाऱ्याच्या मनात खरं काय होतं ते विचारतात. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांना ते सांगणं जड जातं. कधी याच्या उलटही होतं: कोऱ्या चेहऱ्यात राग दिसतो, सहज झालेल्या हसण्यात टिंगल ऐकू येते. म्हणजे एकच माणूस इशारा चुकवतो आणि नसलेला इशारा पाहतोही. घरच्यांचा गोंधळ इथेच होतो, असा माझा अनुभव आहे. काम येत असूनही माणूस नोकरी सोडतो, कारण जेवणाच्या सुट्टीतले न सांगितलेले नियम त्याला थकवून टाकतात.

2011 मध्ये 52 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. रोजचं जगणं किती जमतंय याचा संबंध स्मरणशक्ती किंवा एकाग्रतेपेक्षा सामाजिक आकलनाशी अधिक दिसला. तरी हे संपूर्ण कारण नव्हे. उमेद न वाटणं, नैराश्य, औषधाची गुंगी किंवा अंगातला ताठरपणा यांचाही वाटा असू शकतो, आणि त्यांवर डॉक्टर नक्की काही करू शकतात.

आई रडत असताना त्याचा चेहरा कोरा राहिला, असं तुम्ही लिहिलंय. कृपया यावरून त्याला काही वाटत नाही असं समजू नका. अॅन क्रिंग आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात रुग्णांना चित्रपटातले भावनिक प्रसंग दाखवले. चेहऱ्यावर फार कमी उमटलं, पण आत काय वाटलं हे विचारल्यावर उत्तरं निरोगी माणसांसारखीच आली. हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते, कारण 'याला आमची पर्वाच नाही' या समजुतीने नाती फार दुखावतात.

घरात आजपासून आडून बोलणं बंद करा. टोमणे तर नकोतच. "मी वैतागलेय, पण तुझ्यावर नाही", "पाहुणे आलेत, दहा मिनिटं बस, मग आत गेलास तरी चालेल" असं स्पष्ट सांगा. त्याला कुणाचा संशय आला तर वाद न घालता "याचं आणखी काय कारण असेल?" असं दोघं मिळून शोधा. सतत टीका होणाऱ्या घरांत आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे ब्रिटनमध्ये जॉर्ज ब्राउन यांच्या गटाने 1972 मध्येच दाखवलं होतं आणि पुढे इतरांनाही तेच दिसलं. आजार घरच्यांमुळे होतो असा त्याचा अर्थ नाही.

या कौशल्यांचं गटात प्रशिक्षणही मिळतं. अमेरिकेत डेव्हिड पेन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी एक कार्यक्रम तयार केलाय: भाव ओळखणं, घाईने निष्कर्ष न काढणं, मग खऱ्या प्रसंगांवर सराव. अशा प्रशिक्षणाने भाव ओळखणं आणि दुसऱ्याच्या मनाचा अंदाज घेणं सुधारतं. रोजच्या जगण्यात तो फरक आपोआप उतरत नाही, म्हणून बाहेर प्रत्यक्ष सराव हवाच. नोकरीसाठी, कामावर लागल्यानंतरही सोबत करणारा मार्गदर्शक मिळाला तर फार उपयोग होतो.

पुढच्या भेटीला जाताना 'तो मिसळत नाही' एवढंच सांगू नका. कोण काय बोललं, त्याला काय वाटलं, त्याने काय केलं, असे दोन-तीन प्रसंग त्याला विचारून, त्याच्यासोबत बसून लिहा. ते वाचून डॉक्टरांना गुंगी, नैराश्य आणि न कळलेले इशारे वेगळे करता येतील. तोवर गोळी स्वतःहून वाढवू नका, कमीही करू नका.