एकविसाव्या दिवशी बंद केलेली गोळी

पत्र थोडक्यात असं: “माझे यजमान चाळिशीचे. दिवाळीपासून गप्प असतात, पहाटे तीनला उठून बसतात, जेवण तुटलंय. परवा म्हणाले, ‘माझं आयुष्य आहे, ठेवायचं की संपवायचं ते मला ठरवू दे.’ कुणाला सांगू नकोस म्हणून मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. त्यांना अडवायचा मला हक्क आहे का? जबरदस्तीने जगायला लावणं हाही अन्यायच ना? डॉक्टर करून झाले. गोळ्यांनी नुसती झोप यायची. सवय लागेल म्हणून आम्ही एकविसाव्या दिवशी त्या बंद केल्या.”

ताई,

चार पानं तुम्ही हक्काबद्दल लिहिलंत. मी अडकले ते ‘आम्ही बंद केल्या’ या तीन शब्दांवर. आम्ही म्हणजे कोण? डॉक्टर त्यात नव्हते. आणि ‘डॉक्टर करून झाले’ हेही खरं नाही. डॉक्टर अजून सुरूच झालेले नाहीत.

डिप्रेशनच्या या गोळ्यांचा त्रास आधी येतो आणि गुण नंतर. पहिल्या पंधरवड्यात मळमळ, झोप, बेचैनी. मन हलकं व्हायला बहुतेकांना दोन ते चार आठवडे लागतात, पुरता फरक दिसायला सहा-आठ. म्हणजे त्रास तेवढा भोगून तुम्ही गुण येण्याच्या तोंडावर स्ट्रिप कपाटात टाकलीत. झोप येत होती तर वेळ बदलता आली असती, डोस कमी करता आला असता, गोळीच बदलता आली असती. पहिली गोळी सगळ्यांना लागू पडत नाहीच. सवयीचं म्हणाल, तर डिप्रेशनच्या गोळीची दारूसारखी तलफ येत नाही. एकदम तोडली की चक्कर येते, झोप उडते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने कमी करतात. तीही बरं वाटल्यावर लगेच नाही, त्यानंतर निदान सहा महिन्यांनी.

आता हक्क. तापात तोंड कडू झालं की पाणीही कडू लागतं. ‘आता काही बदलणार नाही’ हे तुमच्या यजमानांना तसंच लागतंय. हा त्यांचा निर्णय नाही, आजाराची चव आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदासुद्धा आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालतो आणि सरकारवर त्याच्या उपचाराची जबाबदारी टाकतो. झोप-भूक परत आल्यावर त्यांना याच विषयावर बोलायचं असेल, तर रात्रभर बोला. आज त्यांना अडवा. हक्क आहे की नाही याचा घोळ घालू नका.

शपथ आजच मोडा. मुलाला काही होत नाही. दिराला, भावाला, ज्याचा हात धरता येईल त्याला सांगा, आणि उद्या सकाळी तिघं मिळून त्याच डॉक्टरांकडे जा. ते नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात. जुना कागद आणि कपाटातली ती उरलेली स्ट्रिप सोबत न्या, बंद केल्याची तारीख सांगा. थायरॉइड, बी-12 तपासायचं का विचारा. पूर्वी कधी चार-आठ दिवस झोपेशिवाय भलत्याच उत्साहात होते का, तेही आठवून सांगा. तसं असेल तर औषध वेगळं लागतं.

आज रात्री त्यांच्याजवळ बसून सरळ विचारा, “मरावंसं वाटतंय का? कसं, कधी, काही ठरवलंय?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. घरातल्या सगळ्या गोळ्या आणि फवारणीचं औषध झोपण्यापूर्वी दुसऱ्याच्या घरी, कुलपात. मरावंसं वाटण्याची ही लाट बहुधा थोड्या वेळाची असते, तेवढ्यात हाताशी काही नको. काही ठरवलंय म्हणाले, तर सकाळची वाट पाहू नका. त्यांना एकटं सोडू नका, 108 ला फोन करून रुग्णालय गाठा. मधे केव्हाही टेली-मानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या की एका वेळी आठवड्याच्याच आणा, तुमच्याकडे ठेवा आणि तुमच्या हाताने द्या. सुरुवातीच्या दिवसांत बेचैनी वाढलेली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. कॅलेंडरवर रोज खूण करा. एकविसाव्या चौकोनात डॉक्टरांचा फोन नंबर आत्ताच लिहून ठेवा.