मसाईंचं दूध आणि किकुयूंचे वाल

पूर्व आफ्रिकेतल्या खेड्यांच्या जुन्या आहाराविषयी मागे लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले, त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते.

मसाई लोक फक्त दूध, रक्त आणि मांस खाऊन धडधाकट राहायचे, असं वजन कमी करण्याच्या एका व्हिडिओत ऐकलं. खरं आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

अर्धंच खरं आहे. मसाई म्हणजे केनिया-टांझानियातले गुरं पाळणारे लोक. इतका कडक नेम होता तो मुख्यतः 'मोरान' म्हणजे तरुण योद्ध्यांचा. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं धान्यही खात. आता साधा हिशेब करा. गाईच्या 100 मिली दुधात 65 ते 70 कॅलरी असतात. गुरांमागे दिवसभर चालणाऱ्याला 2,500 कॅलरी लागतात असं धरलं, तर त्याला एकट्याला साडेतीन लिटरच्या वर दूध हवं. पाऊस झाला, गवत वाढलं, कळप मोठा असला तर ते जमून जाई. कोरड्या महिन्यांत गाई आटायच्या आणि वासराचा वाटा सोडला की हाती थोडंच लागायचं. मग जनावराच्या मानेची शीर आखूड टोकाच्या बाणाने टोचून रक्त काढत आणि जखम बंद करत, जनावर जगायचं. पण रक्तात लोह आणि प्रथिनं असतात, कॅलरी बेताच्याच. अशा वेळी शेजारच्या किकुयू या शेती करणाऱ्या लोकांचं धान्य लागायचंच. ही देवघेव दोन्हीकडच्या बायका सांभाळत, पुरुषांच्या लढाया चालू असतानासुद्धा. मसाईंच्या आहाराबद्दल बोलताना या बायकांना विसरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

हृदयविकाराचंही सांगते. अमेरिकी डॉक्टर जॉर्ज मान यांना 1960च्या दशकात मसाई पुरुषांच्या रक्तात कोलेस्टेरॉल कमी आढळलं. पण 1972 मध्ये त्यांनीच 50 मसाई पुरुषांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष छापले. त्यांत धमन्यांना आतून चरबीचा थर होता, फक्त धमन्या रुंद असल्याने रक्त अडत नव्हतं. रोजच्या चालण्याचा त्यात मोठा वाटा असावा, असं त्यांचं मत होतं. दिवसभर खुर्चीत काम करणाऱ्यांनी मसाईंचा दाखला स्वतःला लावू नये, ही कळकळीची विनंती.

त्या काळात कोण काय खातं हे मोजलं तरी कुणी? (गृहविज्ञानाची विद्यार्थिनी, अमरावती)

सगळ्यात गाजलेली पाहणी केनियातली, 1931 साली प्रसिद्ध झालेली. ती जॉन बॉईड ऑर आणि जे. एल. गिल्क्स यांची. ऑर पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचे पहिले महासंचालक झाले आणि 1949 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. दूध-मांस खाणारे मसाई आणि शेजारचे धान्य-कंद खाणारे किकुयू यांची त्यांनी तुलना केली. मसाई पुरुष सरासरी पाच इंचांनी उंच आणि 23 पौंडांनी जड भरले. निष्कर्ष निघाला की किकुयूंचा पारंपरिक आहारच निकस.

ही पाहणी वाचताना त्या माणसांचं वर्तमानही पाहायला हवं. 1931च्या किकुयूंची बरीच जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांकडे गेली होती, कितीतरी जण मजुरीवर जगत होते. त्याआधी 1890च्या दशकात बुळकांडीने पूर्व आफ्रिकेतले कळपच्या कळप संपवले होते. हा रोग 1887च्या सुमारास इरिट्रियात इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर आला आणि ती गुरं भारतातली होती असं मानलं जातं. मसाई त्या काळाला 'एमुताई' म्हणतात, म्हणजे सर्वनाश. एवढं सोसलेल्या माणसांच्या ताटात जे उरलं, त्याला परंपरा कसं म्हणायचं? त्याच अहवालात नोंद आहे की किकुयू बायका पालेभाज्या जास्त खात आणि त्यांचा आहार पुरुषांपेक्षा सकस होता.

किकुयूंचं जुनं शेत डोळ्यांपुढे आणा: नाचणी, ज्वारी, रताळी, सुरणासारखे कंद, केळी आणि 'न्जाही'. न्जाही म्हणजे काळे वाल, आपल्याच वालाच्या जातीचे. बाळंतिणीला ते आवर्जून देत. पुढे वसाहतीच्या शेतीखात्याने परदेशी विकता येणाऱ्या घेवड्याच्या जातींना उत्तेजन दिलं आणि न्जाही मागे पडले.

आम्ही नैरोबीत राहतो. इथे सगळे मक्याची उगाली खातात. ती किती जुनी? (मराठी कुटुंब, नैरोबी)

मका पोर्तुगीजांच्या काळात किनाऱ्यावर आला, पण आतल्या खेड्यांत त्याचा जम बसला तो विसाव्या शतकात. उगाली म्हणजे घट्ट शिजवलेलं पीठ, त्याआधी ते ज्वारी-नाचणीचं असायचं. गोऱ्या वसाहतवाल्यांच्या मळ्यांवरच्या मजुराला रोज दोन पौंड मक्याचं पीठ शिध्यात मिळे. शिधा या अर्थाचा स्वाहिली शब्द 'पोशो'. युगांडात आज उगालीलाच पोशो म्हणतात. दोन पौंड पीठ म्हणजे जवळपास 3,200 कॅलरी, कागदावर भरपूर. पण पांढऱ्या मक्यात अ जीवनसत्त्वाचा अंश जवळजवळ नाही, कॅल्शियम नावापुरतं. उलट 100 ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साधारण 350 मिलिग्रॅम. कॅलरीचा आकडा पुरा भरला आणि अन्न मात्र निकस झालं, ते असं.

हाद्झा लोक आपल्यापेक्षा दुप्पट कॅलरी जाळतात ना? (एक वाचक, पुणे)

नाही. टांझानियातल्या एयासी सरोवराकाठच्या या शिकारी-वेचक लोकांचा कॅलरींचा खर्च अमेरिकी शास्त्रज्ञ हर्मन पाँट्झर यांच्या गटाने मोजला आणि 2012 मध्ये प्रसिद्ध केला. पुरुषांचा दिवसाला सुमारे 2,600, बायकांचा 1,900 कॅलरी निघाला. अंगाच्या आकारमानाने पाहिलं तर अमेरिकी माणसाइतकाच. कंद, बेरी, गोरखचिंचेची फळं, शिकार आणि भरपूर मध, असं त्यांचं खाणं.

नाचणी आफ्रिकेची असेल, तर आपली आंबीलही तिकडचीच का? (एक आजी, रत्नागिरी)

धान्य तिकडचं, युगांडा-इथिओपियाच्या डोंगराळ भागातलं. ते समुद्रापलीकडून प्राचीन काळी आपल्याकडे आलं. आंबील मात्र आपल्या घरांतच घडली असणार, कारण पीठ भिजवून आंबवण्याची युक्ती अनेक ठिकाणी सुचलेली आहे. तिकडे या पातळ पेजेला 'उजी' म्हणतात, नाचणीला 'विंबी'. रात्री पीठ भिजवून ठेवायचं, सकाळी आंबूस झालं की शिजवायचं आणि लहान मुलाला कोमट पाजायचं. आजी, हे तुम्हाला मी काय सांगणार.