‘पर्मिएट’ला नुसतं ‘झिरपणे’ धरू नका, आणि ‘पर्मिएबल’पासून तर जपूनच

तुमची पोस्ट वाचली. इंग्रजी डिक्शनरीत बघून ‘पर्मिएट (permeate) म्हणजे झिरपणे’ असं पाठ केलंत आणि सरावाच्या उताऱ्यात ‘द स्मेल ऑफ टोबॅको पर्मिएटेड द होल हाऊस’ आल्यावर अडलात. वास कसा झिरपेल, ही तुमची शंका रास्त आहे, त्याकडं येतोच. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या वाक्यामुळं. भिंतींत ओल आलीय हे सांगायला तुम्ही ‘द वॉल्स आर पर्मिएबल’ लिहिलंय. अगदी हेच वाक्य मी 2019 साली लिहिलं होतं आणि त्यापायी आमच्या काकांनी नऊ महिने हेलपाटे घातले.

त्या ऑगस्टचा पूर आपल्या बेळगाव जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. काकांचं घर खानापूर तालुक्यात, मातीच्या भिंतींचं. पाणी ओसरल्यावर गेलो तर माजघरात चुन्याचे पापुद्रे सुटलेले, पाण्याची रेघ कोनाड्याच्या वर चढलेली. काकांनी भिंतीवर अंगठा दाबला तर तो नखापर्यंत आत गेला. ‘भिंतीत पाणी मुरलंय बघ,’ एवढंच म्हणाले. नुकसानभरपाईचा अर्ज कन्नडात नाहीतर इंग्रजीत द्या असं सांगण्यात आलं. माझं कन्नड बोलण्यापुरतं, म्हणून इंग्रजीत लिहिला, आणि ‘मुरलंय’साठी मोठ्या विश्वासानं ‘पर्मिएबल’ टाकलं.

‘पर्मिएबल’चा अर्थ ‘पाणी मुरलेली’ असा नाही. ज्यातून पाणी आरपार जाऊ शकतं, म्हणजे मुळातच सच्छिद्र, असा आहे. विज्ञानाच्या पुस्तकातलं अर्धपार्य पटल आठवा, तोच हा शब्द. म्हणजे मी काय लिहून दिलं, तर या भिंती पहिल्यापासूनच पाणी आत घेणाऱ्या आहेत. अर्ज परत आला, त्यावर शेरा: नुकसान बांधकामाच्या मूळ दोषामुळं.

कोणत्या शब्दानं घात केला हे त्या कार्यालयात एकानंही सांगितलं नाही. या खिडकीवरून त्या खिडकीवर, साहेब मीटिंगला, पुढच्या सोमवारी या. भिंत तिथं उभी होती, कुणी येऊन अंगठा लावून बघितला असता तरी निकाल लागला असता. सत्तरीच्या माणसाला खानापूरहून एसटीनं यायला लावायचं आणि चूक कुठाय ते सांगायचं नाही, याचा राग मला अजून आहे. शेवटी आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी अर्ज वाचला आणि त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ मारली. नवा अर्ज केला, ‘फ्लड वॉटर हॅज सोक्ड द वॉल्स’ असं साधं लिहिलं, तेव्हा काम पुढं सरकलं.

आता शब्दाकडं. मूळ लॅटिन आहे: ‘पर्’ म्हणजे आरपार, ‘मेआरे’ म्हणजे जाणं. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या मध्याला आला. हा ‘पर्’ तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. रिक्षाचं परमिट म्हणजे पार जाऊ देणं. परफ्यूममध्ये धूर आरपार जातो, कारण ‘फ्यूम’ म्हणजे धूर. घामाचा ‘पर्स्पायर’ही त्यातलाच. संस्कृतातला ‘परि’ याच घराण्यातला मानतात. एवढं ध्यानात राहिलं की पर्मिएट म्हणजे ‘आरपार जाऊन सगळीकडं भरून राहणं’ हे विसरत नाही.

मराठीत मात्र याला एकच क्रियापद शोधू नका. माझं ठाम मत आहे की आपली भाषा इथं इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे: काय पसरतंय त्यावर आपण क्रियापद बदलतो. पाणी जमिनीत मुरतं किंवा झिरपतं. मोगरा दरवळतो, पण दरवळणं सुवासालाच, निपाणीच्या वखारीतला तंबाखूचा उग्र खाट दरवळत नाही, तो घरभर भरून राहतो. धूर कोंदतो. विष अंगात भिनतं, सवय रक्तात भिनते. तुमच्या वाक्याला मी ‘तंबाखूच्या वासानं सगळं घर भरून गेलं होतं’ असं लिहीन. तोच वास कपड्यालत्त्यात, अंथरुणात गेला असेल तर ‘भिनला होता’.

विचारांसाठी, भाषेसाठीही हा शब्द चालतो. आपण अण्णा, अक्का म्हणतो, अडकित्ता मागतो, तेव्हा कन्नड शब्द वापरतोय असं मनातही येत नाही. वेगळं काढता येऊ नये इतकं आत गेलेलं, ते पर्मिएट.

‘पर्मिएट’ आणि ‘पर्व्हेड’ यांत फरक काय, हेही विचारलंत. ‘पर्व्हेड’मधला ‘वादेरे’ म्हणजेही जाणंच, ‘इन्व्हेड’ त्याच्याच नात्यातला. वास, भीती, शांतता, भ्रष्टाचार यांना दोन्ही चालतात. पाण्यातेलाला मात्र पर्व्हेड लावू नका, कानाला खटकतं. ‘सर्वत्र पसरलेला’ असं विशेषण हवं असेल तर ‘पर्व्हेसिव्ह’ घ्या, तिथं पुन्हा ‘पर्मिएबल’ नको.

वाक्यरचनेत एक बघा: ‘पर्मिएटेड द हाऊस’, मध्ये ‘इन’ नाही. जमिनीतून पाणी जाताना ‘पर्मिएट थ्रू’ लिहितात, ते चालतं. कर्मणीत ‘पर्मिएटेड विथ’ किंवा ‘बाय’. आणि कुठं आरओ प्लँटच्या कागदावर ‘पर्मिएट’ दिसलं तर ते नाम आहे: पटलातून पार झालेलं शुद्ध पाणी. उरलेलं ते रिजेक्ट.

मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नाही, टायपिंग आणि भाषांतराचं काम करून पोट भरणारा माणूस आहे. परीक्षेत तुमच्या सरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. पण अर्जात, पंचनाम्यात, विम्याच्या कागदात ‘पर्मिएबल’ हा शब्द घालूच नका, ‘सोक्ड’ किंवा ‘डॅम्प’ लिहा. ते भिंतीचं वाक्य खरोखरच्या अर्जासाठी असेल तर देण्याआधी पूर्ण मजकूर इथं टाका, नावगाव काढून. मी रात्री नऊनंतर बघतो.