जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलण्याआधी

प्रोसेसर विकत घ्यायच्या आधी एवढं बघा की तुमचा मूळ प्रोसेसर सॉकेटमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या खोबणीत बसवलेला आहे की बोर्डावरच सोल्डर केलेला, म्हणजे डाग देऊन कायमचा जोडलेला. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत नावाच्या शेवटी एम किंवा एमक्यू असेल तर बहुधा सॉकेट असतो. यू किंवा एचक्यू असेल तर विचार सोडून द्या. पाचव्या पिढीपासून लॅपटॉपचे प्रोसेसर सोल्डर केलेलेच येतात. तरी नावावर विसंबू नका, सीपीयू-झेड या प्रोसेसरची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पॅकेजची, म्हणजे चिप कशी बसवली आहे ते सांगणारी ओळ वाचा.

सॉकेट जुळला तरी बायोसला, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामला, तो प्रोसेसर ओळखता यायला हवा. आणि 35 वॅटच्या जागी 45 वॅटचा घातलात तर उष्णता वाढेल आणि तुमचा छोटा पंखा पुरणार नाही, याची मला खरंच काळजी वाटते.

बॅटरी आधी काढा. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, निघाला की सॉकेटजवळ एक स्क्रू दिसेल, तो अर्धा फेरा फिरवला की चिप सुटते. नवी ठेवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवा. ती आपल्या वजनानंच बसते, दाबायची नाही. एक पिन वाकली तरी सगळं मुसळ केरात. चिप आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवीच लावा.

हार्ड डिस्क अजून जुनीच असेल, तर आधी एसएसडी, म्हणजे फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क बसवा. फरक तिथेच जास्त जाणवेल.