केशर आंब्याचं कलम लावताय? आधी जोड बघा

ताई, नाशिकच्या मखमलाबादला नवीन घर, पुढे 15 बाय 12 फुटांची मोकळी जागा, पाऊस पडला की केशरचं 7 फुटी कलम आणून लावायचं आणि आंबे कधी खायला मिळतील, असं विचारलंय तुम्ही. आधी ते 7 फुटी कॅन्सल करा. नर्सरीत भारी दिसतं, पण एवढं उंच झाड छोट्या पिशवीत वाढलेलं असलं तर मुळं आतल्या आत गोल गोल फिरलेली असतात, ती नंतर पसरायला फार त्रास देतात. अडीच-तीन फुटांचं घ्या, बुंधा जाड, जोडाच्या वर चांगली पालवी.

हा जोड म्हणजे खाली गावठी कोयीचं रोप आणि वर केशरची काडी जिथे बांधलेली असते ती गाठ. माझं पहिलं झाड इथेच फसलं. खड्डा सैल भरला होता, पहिल्या दोन पावसात माती खाली बसली, पाणी साचायला लागलं म्हणून मी शहाणपणा करून बुंध्याभोवती दोन घमेली माती ओतली आणि जोड गेला मातीखाली. जानेवारीच्या थंडीत (निफाडकडचे आकडे तुम्ही पेपरात वाचताच) वरची काडी जळाली. फेब्रुवारीत बुडातून लालसर फुटवे आले, जोड मातीत गाडलेला, त्यामुळे ते खालच्या गावठीचे आहेत हे कळलंच नाही, घरात पेढे वाटायचे बाकी होते. 7 वर्षांनी फळ लागलं तर लिंबाएवढं, आंबट, दोरेच दोरे! केशर कधीच मेला होता, मी गावठीला पाणी घालत होतो. आई खूश आहे, लोणच्याला बाहेरून कैरी आणावी लागत नाही.

म्हणून जोड जमिनीच्या वर चांगला वीतभर ठेवा आणि त्याच्या खालून काहीही फुटलं की लगेच खुडा, दया नको. खड्डा आत्ता मे मध्येच अडीच-तीन फुटांचा घ्या, 15 दिवस उन्हात तापू द्या. वरची काळी माती एकीकडे, खालचा मुरूम दुसरीकडे. एक बादली पाणी ओतून बघा, दुसऱ्या दिवशीही तसंच दिसलं तर काळ्या मातीत मुळं सडणार, मग थोडा उंचवटा करून लावा. भरताना काळी माती, कुजलेलं शेणखत (ताजं अजिबात नको, वाळवी येते), अर्धा किलो निंबोळी पेंड, आणि जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच भरा कारण ते बसणारच. पिशवी ब्लेडने कापा, ओढू नका. काठी रोवून सुतळी सैल बांधा. पहिले दोन हिवाळे रात्री जुनी साडी वगैरे टाका वरून.

जागा मात्र नीट ठरवा, ड्रेनेजची लाईन आणि वरच्या वायरी बघून. शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी तोडायला 1975 च्या कायद्याने परवानगी लागते, नंतर नडलं म्हणून कुऱ्हाड घालता येत नाही. खरं सांगू का, 12 फुटांत मी सीताफळ लावलं असतं, लहान राहतं, पाणी कमी. पण आंबाच हवा असेल तर मधोमध लावा आणि दरवर्षी फळं उतरवली की छाटा.

आंबे? पहिली 3 वर्षं मोहोर आला तरी खुडायचा, त्यामुळे चौथ्या-पाचव्या वर्षी. कलम घ्यायला जाल तेव्हा पैसे द्यायच्या आधी जोडाचा जवळून फोटो टाका, बघून सांगतो.